गाडी, फोन आणि फोनची झडती

नमस्कार मंडळी.

माझी भाची सांगलीहून इथे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला शिकायला आली आहे. गेल्या महिन्यात ती लाल सिग्नलला थांबली होती. पुढचं वळण नेमकं कुठलं ते बघायला तिने फोन हातात घेतला आणि मागे पोलिसांच्या गाडीचे दिवे लागले. घरी आली ती रडवेली होऊन. "मावशी, मी कुणाशी बोलत नव्हते, मेसेज करत नव्हते. गाडी तर उभीच होती!"

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तिचं म्हणणं पटेल. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला ते पटत नाही. फोन हातात धरून बोलायला इथे जुलै २००८पासून बंदी आहे आणि चालवताना मेसेज लिहायला जानेवारी २००९पासून. मग एकाने न्यायालयात सांगितलं, की मी फक्त नकाशा बघत होतो. २०१४मध्ये अपील न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्यही केलं. ती पळवाट बुजवायला नवा कायदा आला. १ जानेवारी २०१७पासून फोन हातात धरून वापरायचाच नाही. तो काचेवर किंवा डॅशबोर्डवर बसवलेला हवा आणि बोट लावायचं ते एकदाच. जून २०२५मध्ये इथल्याच, सॅन होजेच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की फोन हातात धरून नुसता नकाशा पाहणं हासुद्धा वापरच आहे. आणि सिग्नलला थांबलात तरी तुम्ही गाडी चालवतच असता, हे तर २०११पासूनच ठरलेलं आहे.

मूळ दंड २० डॉलर, पुढच्या वेळी ५०. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यावर इतके अधिभार चढतात की भरायची रक्कम शंभराच्या पार जाते. ३६ महिन्यांत दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्सवर पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याची नोंद, लागतो. घरात अठराच्या आतलं चालवणारं मूल असेल तर त्याला हँड्सफ्री फोनचीही मुभा नाही.

दंडाचं मला वाईट वाटलं नाही, तो योग्यच होता. मी अस्वस्थ झाले ती तिच्या पुढच्या वाक्याने. "त्यांनी फोन मागितला असता ना मावशी, तर मी अनलॉक करून दिला असता."

असं करू नका, मंडळी. अगदी कळकळीने सांगते.

२००९मध्ये सॅन दिएगोत पोलिसांनी एका तरुणाची गाडी अडवली. कारण साधंच होतं, नोंदणीची मुदत संपलेली. त्याला अटक झाली, पोलिसांनी त्याचा फोन उघडला आणि त्यातले फोटो व व्हिडिओ खटल्यात वापरले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ जून २०१४ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला, की अटक केलेल्या माणसाचाही फोन तपासायचा तर आधी वॉरंट, म्हणजे न्यायाधीशांचा झडतीचा हुकूम, आणा. पुढे २०१६पासून कॅलिफोर्नियाने स्वतःचा आणखी कडक कायदा लागू केला. जिवावर बेतलेल्या तातडीसारखे मोजके अपवाद सोडले तर इथे पोलिसांना फोनमधल्या माहितीसाठी वॉरंट लागतं.

पण तुम्ही आपणहून हो म्हणालात, की वॉरंटची गरजच उरत नाही. आपल्याकडे वर्दीतल्या माणसाने मागितलं की देऊन टाकायची सवय असते, आणि नेमकी तीच इथे नडते. आवाज न चढवता, हात स्टिअरिंगवर ठेवून एवढंच म्हणा, "आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च," म्हणजे झडतीला माझी संमती नाही. लायसन्स, नोंदणी आणि विम्याचा पुरावा मात्र मागितला की द्यायचाच.

अपघातात मूल गमावलेले आईवडील विचारतात, की समोरचा फोनवर होता का हे लगेच का तपासू नये? न्यूयॉर्कमध्ये असंच दुःख भोगलेल्या एका वडिलांच्या पाठपुराव्यातून विधेयकही आलं होतं. अपघात झाला की पोलिसांनी तिथेच यंत्र लावून फोन वापरात होता का ते बघायचं. त्याचा कायदा झाला नाही. त्या वडिलांपुढे बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत, तरी मला वाटतं न झालं ते बरं. अपघात गंभीर असेल तर न्यायाधीशांकडून वॉरंट घेऊन फोनच्या नोंदी मिळवता येतातच.

आता विम्याचा पुरावा. तो इथे फोनवर दाखवलेला चालतो आणि अधिकाऱ्याने तेवढाच पाहायचा, फोनमधलं दुसरं काही पाहायचं नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. पण दाखवताना फोन पडून फुटला तर नुकसान आपलं. शिवाय अनलॉक केलेला फोन दुसऱ्याच्या हातात जातो, तो जातोच.

म्हणून परवा आम्ही दोघींनी विम्याचं कार्ड छापून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं. फोनचा स्टँडही बसवला, काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे सात इंचांच्या चौकोनात तो चालतो. आता निघण्याआधी ती पत्ता घालते आणि मगच गाडी सुरू करते.