छर्रा सुटण्यापूर्वी

(दृश्य : पावसाळ्यातील सकाळ. जांभ्या दगडाची भिंत, कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. आतून कसलाही आवाज नाही.)

रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेच्या जुन्या सभागृहात सकाळचे साडेसहा वाजले आहेत. बाहेर आषाढातला पाऊस कोसळतो आहे आणि आत तीन मुले एका ओळीत उभी राहून दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्याकडे रोखून पाहत आहेत. रायफली खांद्याला लागलेल्या आहेत, गाल दस्त्यावर विसावलेले आहेत, बोटे ट्रिगरवर आलेली आहेत; मात्र एकाही रायफलीत छर्रा नाही आणि पुढचा पाऊण तास तो भरलाही जाणार नाही. नेमबाज या सरावाला ‘ड्राय’ म्हणतात. स्पर्धेच्या एअर रायफलीत त्यासाठी वेगळी सोय असते. ट्रिगर सुटल्याची जाणीव बोटाला होते, पण हवा बाहेर पडत नाही. नवख्या पाहुण्याला हे दृश्य कंटाळवाणे वाटेल. या मुलांसोबत काही दिवस काढल्यावर आमचे मत मात्र पक्के झाले आहे की लहान गावातला नेमबाजीचा संघ उभा राहतो तो याच पाऊण तासावर. छर्ऱ्यांना, लक्ष्याच्या कागदांना आणि सिलिंडरमधल्या हवेलाही पैसे पडतात. ड्रायला पडत नाहीत.

या खेळातले आकडे आधी समजून घेतले पाहिजेत, कारण त्यांच्यावाचून मुलांच्या धडपडीचे मोल कळणार नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा मधला ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे छापील मजकुरातल्या पूर्णविरामाएवढा असतो. त्यावर मारायचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, ठिपक्याच्या नऊपट रुंद. गुण दशांशात मोजले जातात. छर्रा केंद्रापासून पाव मिलिमीटर सरकला की ०.१ गुण कमी होतो. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात आणि पात्रता फेरीतल्या ६० शॉटना ६५४. पिस्तुलाच्या प्रकारात दहाचा ठिपका ११.५ मिलिमीटरचा, म्हणजे पुष्कळ मोठा आहे. पण तिथे शस्त्र एकाच हाताने, कसलाही आधार न घेता धरावे लागते.

जत्रेत फुगे फोडून आलेली मुले रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, येतात तेव्हा त्यांना वाटते की नेम म्हणजे डोळा. त्यांच्या मॅडम, ज्या याच शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात, पहिल्या महिन्यात डोळ्याबद्दल जवळजवळ बोलतच नाहीत. त्या पावलांबद्दल बोलतात. पावले योग्य जागी पडली तर डोळे मिटून रायफल उचलली तरी ती आपसूक लक्ष्याकडे जाते. ती डावीकडे जात असेल तर हाताने उजवीकडे ओढायची नाही, मागचे पाऊल थोडे सरकवायचे. ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जातो आणि मूल म्हणते की रायफलच वाकडी आहे.

(दृश्य : चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा, अगदी जवळून. माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकाशी नेम धरण्यासाठी असलेल्या भागाच्या, गोल कड्यामागे तिचा डोळा.)

ही मुलगी पाहा. तिने आता छर्रा भरला आहे. रायफल उचलून ती गाल टेकवते, अर्धा श्वास सोडते आणि थांबते. माशीच्या कड्यात लक्ष्याचे काळे वर्तुळ तरंगते आहे, कारण रायफल पूर्ण स्थिर कोणाचीच राहत नाही, विश्वविजेत्याचीही नाही. चार सेकंद, पाच, सहा. वर्तुळ आता मधोमध आले आहे आणि पुन्हा जरासे ढळले आहे. आठव्या सेकंदाला तिच्या कोपरात सूक्ष्म थरथर येते. मागे उभ्या असलेल्या मॅडमना ती दिसते, पण त्या काहीच बोलत नाहीत. मुलगी बोट ट्रिगरवरून काढते, रायफल खाली घेते, दोन श्वास घेते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

या मुलीने या वर्षी शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. मागच्या वर्षी तिने तो शॉट मारला असता. श्वास कोंडून आठ-दहा सेकंद झाले की नजर मंदावते, स्नायू थकतात आणि मन ‘आत्ताच मार’ म्हणून घाई करते; त्या घाईत सुटलेला छर्रा बहुधा आठवर किंवा त्याच्याही बाहेर जातो. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ६० शॉटना ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट. शॉट खाली घ्यायला वेळ असतो, धीर नसतो, आणि तो धीर स्पर्धेच्या दिवशी अचानक येत नाही. म्हणून इथे सरावात खाली घेतलेले शॉटही वहीत मोजले जातात आणि त्याबद्दल शाबासकी मिळते.

ती वही हा या संघाचा खरा दस्तऐवज आहे. तीत गुण शेवटच्या रकान्यात लिहायचे असतात. त्याआधी प्रत्येक मुलाने शॉट सुटल्या क्षणी, दुर्बिणीतून पाहण्यापूर्वी, छर्रा कुठे लागला असेल ते सांगायचे असते. ‘उजवीकडे, नऊ’ असे मूल म्हणाले आणि छर्रा खरोखरच उजवीकडे नऊवर असला, तर मॅडम समाधानी असतात, कारण त्या मुलाला आपली चूक दिसलेली असते. ‘दहा’ म्हणून आठ निघाला तर मात्र त्या त्याला पुन्हा ड्रायवर पाठवतात. छर्रा नळीतून सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो; ट्रिगर सुटल्यानंतरही क्षणभर तसेच थांबून माशीकडे पाहत राहिले, तरच तो कुठे गेला ते कळते. मुले नेमकी याच क्षणी डोके वर काढतात, कारण निकाल पाहायची उत्सुकता आवरत नाही. त्यावर इथला उपाय साधा आहे. लक्ष्याचा कागद उलटा लावायचा. कोऱ्या पांढऱ्या बाजूवर ना वर्तुळे असतात ना गुण, असतात ती फक्त भोके, आणि ती किती जवळजवळ पडली एवढेच पाहायचे. पाच छर्रे सातवर पडले पण एकाच भोकातून गेले, तर साइटचे, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाचे, स्क्रू हव्या तितक्या टिचक्या फिरवून ते दहावर आणता येतात. दहाच्या आसपास विखुरलेल्या पाच छर्ऱ्यांना मात्र कोणताही स्क्रू एकत्र आणू शकत नाही.

(दृश्य : लोखंडी कपाट उघडते. तीन रायफली. दस्त्यांवर रंगीत टेपच्या खुणा.)

रायफलीवर सराव करणाऱ्या सहा मुलांमागे रायफली तीन आहेत. परदेशी बनावटीची चांगली एअर रायफल कोकणातल्या बागायतदार किंवा मच्छीमार कुटुंबाच्या आवाक्यातली वस्तू नाही, आणि अनेक लहान केंद्रांवर हीच अडचण असते. एकाच रायफलीवर दोन मुले सराव करतात तेव्हा दोघांची मान वेगळी, हात वेगळे, उंची वेगळी. एकाने दस्त्याची पट्टी खाली केली आणि दुसऱ्याने ती तशीच वापरली, की त्याचा महिन्याभराचा सराव वाया जातो. म्हणून प्रत्येकाच्या मापाच्या खुणा वेगळ्या रंगाच्या टेपने केल्या आहेत, आणि गालपट्टीची उंची, पट्टीचा कोन, साइटच्या टिचक्या हे सगळे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले आहे. पाहायला ही किरकोळ गोष्ट आहे. आमच्या मते, नव्या रायफलीसाठी देणगीदार शोधण्याआधी प्रत्येक संघाने हे काम उरकले पाहिजे.

दुसरे आव्हान हवेचे आहे. कोकणातला पावसाळा जून ते सप्टेंबर असा चार महिने चालतो आणि या काळात सगळ्याच वस्तू ओल धरतात. नेमबाजाचे जाड कॅनव्हास-चामड्याचे जॅकेट ओले झाले की नरम पडते, पाठीला त्याचा आधार राहत नाही आणि दोन आठवड्यांत त्यावर हिरवी बुरशी चढते. ते उन्हात वाळवले तर चामडे तडकते. इथे जॅकेटे दोरीवर टांगून पंख्याखाली वाळवली जातात, वीज गेली तर माळ्यावर, चुलीपासून दूर. रायफलीच्या पोलादी भागांना रोज हलका तेलाचा हात फिरतो आणि कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या असतात, ज्या दर रविवारी तव्यावर गरम करून पुन्हा कोरड्या केल्या जातात. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात बुडी मारणारे पाठीवर जो सिलिंडर घेतात, तशाच मोठ्या सिलिंडरमधून रायफलीचे छोटे सिलिंडर भरले जातात. ती हवा कोरडी असावी लागते, आणि छोट्या सिलिंडरवर कोरलेल्या तारखेपासून दहा वर्षे झाली की तो कितीही चांगला दिसत असला तरी बाद करावा लागतो. या बाबतीत काटकसर करू नये.

सुरक्षिततेबद्दल पालक पहिल्याच दिवशी विचारतात आणि त्यांनी विचारलेच पाहिजे. माकडे हाकलण्यासाठी बागेत एअरगन बाळगणारी घरे या भागात आहेत आणि तिथली सवय रेंजवर चालत नाही. इथे रायफलीचे तोंड कायम लक्ष्याकडे असते. सराव थांबला की नळीतून भडक रंगाची प्लॅस्टिकची दोरी आरपार घातली जाते, म्हणजे रायफल रिकामी आहे हे लांबूनही दिसते. ‘स्टॉप’ म्हटले की सगळ्यात लहान मुलगाही त्याच क्षणी थांबतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवर खाण्याचा डबा उघडायचा नाही, हात साबणाने धुतल्याशिवाय खायचे नाही, आणि जमीन कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसायची. शिशाची धूळ मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक बाधते. रायफल कोणाच्याही घरी जात नाही.

मग घरी सराव कसा करायचा? या संघातला पिस्तुलाचा एक मुलगा रोज संध्याकाळी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली सरळ हातात धरून पडवीत उभा राहतो, कारण तिचे वजन जवळजवळ एअर पिस्तुलाएवढेच भरते. त्याची आजी सुपारी कातरता कातरता त्याला विचारते, “काय रे, आज पण भिंतीकडेच बघत उभा?” तो उत्तर देत नाही. भिंतीवर पेन्सिलीने काढलेल्या ठिपक्याशी बाटलीचे झाकण त्याला वीस सेकंद धरायचे असते, आणि बोलले की श्वास मोडतो.

(दृश्य : घाटातला रस्ता, धुके, एसटीची खिडकी.)

या मुलांना उदाहरणे लांब शोधावी लागत नाहीत. फोंडाघाट चढून दाजीपूरमार्गे गेले की राधानगरी तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. उत्तर कोकणातल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने २०२२मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद पटकावले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी रायगड जिल्ह्यातच, पनवेलला, आपले प्रशिक्षण केंद्र उभारले.

रुद्रांक्षच्या बाबतीतली आणखी एक गोष्ट मॅडम मुलांना मुद्दाम सांगतात. त्या विश्वविजेतेपदासोबत भारताला पॅरिसची एक जागा मिळाली होती; पण जागा देशाची असते, खेळाडूची नसते, आणि नंतरच्या निवड चाचण्यांतून संघात दुसऱ्या दोघांची निवड झाली. हे ऐकताना मुलांचे चेहरे उतरतात. तरीही शालेय संघाच्या निवडीतही हेच शिस्तीने पाळले पाहिजे, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे आणि ते आम्हाला पटते. निवडीचा नियम हंगाम सुरू होण्यापूर्वी फळ्यावर लिहिलेला असावा, एका दिवसाच्या गुणांऐवजी चार चाचण्यांची सरासरी धरावी, आणि एकदा लिहिलेला नियम कोणाच्याही पालकांसाठी बदलू नये.

संघात तिघे असतात आणि तिघांच्या गुणांची बेरीज होते. इथेच बहुतेक प्रशिक्षकांची गल्लत होते, असे आम्हाला दिसले. सगळा वेळ सगळ्यात हुशार मुलाला दिला जातो, कारण त्याच्याकडून वैयक्तिक पदकाची आशा असते. पण ६२० गुणांवर पोहोचलेल्या मुलाचे आणखी दोन गुण वाढवायला वर्ष लागते, तर ५९० वर अडलेल्या तिसऱ्या मुलाचे, त्याची पावले आणि श्वास नीट केले, तर दहा गुण एका हंगामात वाढू शकतात. बेरजेत ते दहा दहाच धरले जातात. या संघात पहिल्या क्रमांकाचा मुलगा शनिवारी स्वतःचा सराव अर्धा तास कमी करून तिसऱ्याच्या मागे उभा राहतो आणि त्याची वही भरतो. त्याला दिसते ते मॅडमनाही कधीकधी दिसत नाही, कारण तीच चूक त्याने दोन वर्षांपूर्वी केलेली असते.

गणपतीत रेंज आठ-दहा दिवस बंद राहील. मुंबईचे चाकरमानी घरी येतील, आरत्या होतील, आणि त्यानंतरच्या पहिल्या सकाळी सगळ्यांचे गुण खाली आलेले असतील. मॅडम त्याची चिंता करत नाहीत. त्या दिवशी छर्रेच वाटायचे नाहीत, हे त्यांनी आधीच ठरवले आहे.

(दृश्य : सभागृहाचा दरवाजा. पाऊस थोडा उघडला आहे.)

सव्वानऊ झाले आहेत. प्रार्थनेची घंटा व्हायला थोडाच वेळ आहे. रायफली पुसून, नळीत दोऱ्या घालून कपाटात ठेवल्या गेल्या आहेत आणि कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये गेली आहे. हात धुऊन आलेली ती चौदा वर्षांची मुलगी बाकावर बसून वही पूर्ण करते आहे. आज तिने तीस शॉट मारले. गुणांचा रकाना अजून रिकामा आहे. त्याच्या शेजारच्या रकान्यात, ‘खाली घेतले’ या शब्दांपुढे, तिने अकरा हा आकडा लिहिला आहे आणि खाली एक रेघ ओढली आहे.