‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य वगळून
(नाशिक येथे दिव्यांग कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नाशिकच्या न्यायालयांत मी बरीच वर्षे नोकरदारांची प्रकरणे चालवतो आहे. दिव्यांग कर्मचारी माझ्याकडे जे कागद घेऊन येतात, त्यांत शेवटी एक वाक्य हमखास असते: ‘तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ आज मला मुख्यतः या वाक्याविरुद्ध बोलायचे आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून मोलाची गोष्ट व्याख्यांच्या कलमात आहे आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही. इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत यासाठी, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता करायचे आवश्यक आणि योग्य ते बदल म्हणजे ‘वाजवी सोय’, असे तेथे म्हटले आहे. आणि त्याच कलमातील भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच धरला आहे. सवलत ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ही सोय तशी नाही, म्हणून ती मागताना सहानुभूतीची भाषा वापरली की आपणच आपला हक्क एक पायरी खाली उतरवतो.

एक उदाहरण सांगतो. दृष्टी अधू असलेले एक लिपिक माझ्याकडे आले होते. कार्यालयाचे नाव सांगत नाही. टेबल आवक-जावकीचे. त्यांच्या पहिल्या अर्जात डोळ्यांच्या आजाराचा सविस्तर इतिहास होता, शस्त्रक्रियेची तारीख होती, घरच्या जबाबदाऱ्या होत्या आणि अखेरीस ते नेहमीचे वाक्य होते. नेमके काय हवे, ते मात्र कोठेच नव्हते. साहेबांनी त्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून अर्ज नस्तीला लावून टाकला. आम्ही दुसरा अर्ज केला तो पाऊण पानाचा. त्यात लिपिकांनी लिहिले: ‘माझे काम आलेल्या पत्रांची नोंद घेण्याचे आहे. पत्रे स्कॅन करून चित्राच्या स्वरूपात पाठवली जातात आणि ती स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वाचू शकत नाही. तरी कार्यालयांतर्गत पत्रे युनिकोड मजकुराच्या स्वरूपात पाठवावीत, संगणकावर एनव्हीडीए हे मोफत मिळणारे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर बसवू द्यावे आणि एक हेडफोन द्यावा.’ खाली वाजवी सोय देणे सरकारी आस्थापनेवर बंधनकारक करणाऱ्या कलम 20, पोटकलम 2 चा उल्लेख. या तीन मागण्यांपैकी पैसे फक्त हेडफोनला पडणार होते, त्यामुळे ‘अवाजवी बोजा’ हे उत्तर देण्याची सोयच उरली नाही. अर्ज आपल्या आजाराविषयी नसावा, आपल्या कामाविषयी असावा, एवढे साधे सूत्र त्यामागे होते.

‘चाळीस टक्के आहेत का?’, म्हणजे प्रमाणपत्रावर तेवढे दिव्यांगत्व आहे का, हा प्रश्न आस्थापना शाखेत लगेच विचारला जातो. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वाजवी सोयीसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात हे स्पष्ट केले. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता.

नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर काय, हा प्रश्न अपघातानंतर घरी बसलेल्या माणसाच्या बायकोकडून किंवा भावाकडून येतो, आणि बहुधा राजीनाम्यावर सही झाल्यानंतर येतो. सही करू नका. कलम 20, पोटकलम 4 नुसार अशा कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदावर ठेवावे लागते. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाच्या बाजूने 2003 साली निकाल लागला, तो 1995 च्या कायद्यातील अशाच कलमावर. शिवाय ‘सरकारी आस्थापना’ या शब्दांत मंत्रालय आणि कलेक्टर कचेरीच नव्हे, तर जिल्हा परिषद, महापालिका, एसटी, ओझरचा एचएएल हा विमान कारखाना आणि नाशिकरोडची नोट प्रेसही येते.

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या खासगी कारखान्यांत मात्र बाजू इतकी भक्कम नाही, हे मी लपवणार नाही. कलम 20 सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. प्रेस मशीनमध्ये बोटे गेलेल्या कामगाराला नुकसानभरपाई मिळते, पण त्याच पगारावर दुसरे काम द्या असे हे कलम त्याच्या मालकाला सांगत नाही. तरीही कलम 3 मधील भेदभावाची मनाई खासगी मालकासाठी वेगळी केलेली नाही, आणि समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचे आहे. केंद्राच्या 2017 च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात सोयी, सहायक उपकरणे, विशेष रजा आणि संपर्क अधिकारी यांचा उल्लेख हवा. म्हणून कारखान्यात पहिला अर्ज हे धोरण मागण्याचा करावा. धोरणच नसेल, तर तेही लेखी उत्तरात येऊ द्यावे.

तोंडी मागणी कोणी नाकारत नाही, म्हणून ती सिद्धही होत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची असते, आणि समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांचे कार्यालय पुण्यात आहे. त्यांच्याकडे दाद मागायला वकील लागतोच असे नाही, हे मी वकील असूनही सांगतो.

त्या लिपिकांना हेडफोन मिळाला, सॉफ्टवेअरही बसले. पत्रे मात्र अजून चित्रांच्या स्वरूपातच येतात. आम्ही तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव विचारले, तेव्हा असा अधिकारी नेमायचा असतो हेच कार्यालयाला ठाऊक नव्हते. आता नेमणूक झाली आहे आणि आमची तक्रार त्याच्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर आहे. दोन आठवडे येत्या गुरुवारी पूर्ण होतात.