होझूवचं उरलेलं काम: आयव्हन मेजरची कारकीर्द

(दृश्य: स्टार्टची फीत, तिच्यामागे चार चालक)

या मोटरसायकलला ब्रेक नाहीत. गिअर एकच. ५०० सीसीचं इंजिन आणि टाकीत पेट्रोलच्या जागी मिथेनॉल. समोरची फीत वर उडाली की चार जण एकदम सुटतात. बारीक दगडी चुऱ्याच्या लंबगोल ट्रॅकवर, सतत डावीकडे वळत, चार फेऱ्या. साधारण मिनिटभरात निकाल लागलेला असतो. हा स्पीडवे.

आता वळण नीट बघा. चालक मागचं चाक मुद्दाम घसरवतो. हँडल उजवीकडे वळलेलं असतं आणि गाडी डावीकडे जात असते. डावा पाय जमिनीवर टेकलेला. त्या बुटाला खालून पोलादी तळवा असतो, नाहीतर बुटाच्या चिंध्या होतील. गाडी वळवायची ती थ्रॉटलवर. तो जास्त पिळला तर गाडी गर्रकन फिरते. अवेळी सोडला तर मागच्या टायरला अचानक पकड मिळते आणि गाडी सरळ कठड्याकडे धाव घेते. आणि हे सगळं शेजारी तिघं खेटून असताना.

हे करण्यात ज्यानं सगळी हयात घालवली आणि सहा वेळा जग जिंकलं, त्या आयव्हन मेजरची ही गोष्ट.

(दृश्य: ख्राइस्टचर्च, जुनी छायाचित्रं)

जन्म ४ ऑक्टोबर १९३९, न्यूझीलंडमधलं ख्राइस्टचर्च. त्या काळात या एका शहरानं स्पीडवेला रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज दिले, दोघंही जगज्जेते. पोरांसमोर आदर्श शोधायला लांब जायची गरज नव्हती. मेजर १९५७ मध्ये, सतराव्या वर्षी, बायकोला घेऊन इंग्लंडला पोचला. मूर ज्या क्लबकडून धावायचा, त्याच विम्बल्डनकडे.

तिथे त्याची डाळ शिजली नाही. शर्यती जेमतेम मिळाल्या, ट्रॅकच्या देखभालीची कामं मात्र मिळाली. शेवटी तो घरी परतला.

पुढची काही वर्षं न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅकवर गेली. या वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण मेजर खरा घडला तो इथेच, असं मला वाटतं. कारण १९६३ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला आला, या वेळी न्यूकॅसलकडे, तेव्हा तो कच्चा पोरगा राहिला नव्हता. स्पीडवे हा आपला धंदा आहे आणि धंदा म्हणूनच तो चोख करायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. गाड्यांची तयारी, स्टार्टचा सराव, प्रवासाचं नियोजन, सगळ्यात काटेकोर. ज्या खेळात मिनिटभरात सगळं संपतं, तिथे बरंचसं आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवण्यात मेजरचा हात धरणारा कुणी नव्हता.

(दृश्य: गुणफलक, हातानं मांडलेले आकडे)

तेव्हाची जागतिक अंतिम स्पर्धा म्हणजे बोर्डाची परीक्षाच. वर्षभर पात्रता फेऱ्या, आणि शेवटी एक दिवस, एक मैदान, सोळा चालक. वीस शर्यती. प्रत्येकाच्या वाट्याला पाच. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. साखळी तुटली, इंजिन बसलं, पाय घसरला, तर वर्ष गेलं.

मेजरनं १९६८ मध्ये गोथेनबर्गला पाचही शर्यती जिंकल्या. १५ पैकी १५. १९६९ मध्ये वेम्ब्ली. १९७० मध्ये पोलंडमधलं व्रोत्सवाफ, पुन्हा १५ पैकी १५. सलग तीन विजेतेपदं आधी कुणालाच जमली नव्हती. दोन अमेरिकन चाहत्यांनी त्या विजयाची जावा सोन्यानं मढवून दिली. आपल्याकडे ज्या नावाच्या गाड्या म्हैसूरला बनायच्या, तीच ही मूळची चेक जावा.

१९७१ मध्ये त्याला हरवलं ते डेन्मार्कच्या ओले ओल्सेननं. हा ओल्सेन मेजरच्याच तालमीत शिकलेला, न्यूकॅसलला त्याच्याबरोबर धावलेला. गुरूची विद्या गुरूलाच. पुढच्याच वर्षी वेम्ब्लीला मेजरनं स्वीडनच्या बर्न्ट पर्सनला निर्णायक शर्यतीत मागे टाकून किताब परत घेतला.

(दृश्य: होझूव, १९७३, खच्चून भरलेलं मैदान)

आणि मग होझूव. पोलंड, १९७३. मैदानात लाखाहून जास्त माणसं. पाच शर्यतींनंतर दोघांचे १३ गुण: मेजर आणि पोलंडचा येर्झी श्चाकिएल. हाच श्चाकिएल दोन वर्षांपूर्वीच्या अंतिम स्पर्धेत एकही गुण न मिळवता परतला होता. आता किताबासाठी दोघांचीच शर्यत.

श्चाकिएल पुढे. मेजर मागे, वाट शोधत. ओलांडायला गेला, पुढच्याचं मागचं चाक लागलं, आणि मेजर मातीत. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. उरलेलं अंतर श्चाकिएलनं एकट्यानं कापलं.

चार किताब नावावर असलेल्या माणसाला इथे थांबता आलं असतं. १९७४ मध्ये तो पुन्हा दुसरा आला. १९७७ मध्ये गोथेनबर्गला पाचवा किताब, तोही पाय मोडलेला असताना धावणाऱ्या पीटर कॉलिन्सपेक्षा फक्त एक गुण जास्त मिळवून. कॉलिन्सची ती जिद्द खरंच वेगळ्या गोष्टीचा विषय आहे.

(दृश्य: होझूव, सप्टेंबर १९७९)

१९७९ ची अंतिम स्पर्धा पुन्हा होझूवला. तेच मैदान, आणि आव्हान पुन्हा पोलंडच्याच चालकाचं, झेनोन प्लेखचं. मेजरच्या चाळिशीला महिनाभर बाकी. प्लेखचे १३ गुण झाले. मेजरचे १४. सहावा किताब.

(दृश्य: आधुनिक ग्रां प्री)

मेजर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात वारला. त्याच्या सहा किताबांशी बरोबरी २००५ मध्ये स्वीडनच्या टोनी रिकार्डसननं केली, आणि २०२५ मध्ये पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकनं. दोघंही फार मोठे चालक. पण रिकार्डसनचा १९९४ चा पहिला किताब सोडला, तर त्यांचे किताब हंगामभराच्या ग्रां प्री मालिकेतून आले. एक रात्र बिघडली तर पुढच्या शहरात भरून काढायची सोय होती. मेजरला ती कधीच मिळाली नाही, आणि म्हणून माझ्या लेखी त्याचे सहा अजूनही वजनाला जास्त भरतात.