प्लग उघडल्यावर

(दृश्य: गाडीच्या पोटाखाली. इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, म्हणजे चेंबरच्या, तळातून काळ्या इंजिन ऑइलची जाड धार.)

ही धार जरा नीट बघा. डब्यातून ओतलं तेव्हा हे तेल मधासारखं सोनेरी होतं. त्यानंतर हजारो किलोमीटर ते सिलिंडरच्या भिंतींवरून, पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, क्रँकशाफ्टच्या, बेअरिंगमधून, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवरून फिरत राहिलं. वाटेत जे सापडलं ते उचलत गेलं. काजळी, धातूची बारीक पूड, न जळलेलं इंधन, पाण्याचा अंश, आम्लं. ते सगळं आता एकदम बाहेर येतंय.

गाडी वापरणाऱ्या बहुतेकांनी ही धार कधीच पाहिलेली नसते. गाडी सकाळी सर्व्हिसिंगला जाते, संध्याकाळी धुऊनपुसून परत येते आणि बिलावर ‘इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर’ अशी ओळ असते. इंजिनाच्या आत काय चाललंय हे सांगणारी सर्वांत सोपी खूण दर वेळी दुसऱ्या कुणाच्या ट्रेमध्ये पडते आणि मालकाला न दिसताच निघून जाते. तेल बदलण्याचं हे काम घरी करता येतं. हत्यारं मोजकी लागतात. आणि आपल्या गाडीचं तेल प्रत्येकाने एकदा तरी स्वतः काढून बघावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: शिकवण्यासाठी मधोमध कापलेलं इंजिन. क्रँकशाफ्ट हाताने सावकाश फिरवला जातो.)

हा क्रँकशाफ्ट इथे हाताने फिरतोय. रस्त्यावर तो मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका सेकंदात ५० होतात. एवढ्या वेगातही तो ज्या बेअरिंगमध्ये बसलाय त्याला जवळजवळ टेकतच नाही. दोघांच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असतो आणि त्याची जाडी असते काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. गाडीचं सगळं धावणं या पापुद्र्यावर तरंगतं.

तेलाला दुसरीही कामं आहेत. पिस्टनच्या डोक्यामागे कूलंटचं पाणी पोहोचत नाही, तिथली उष्णता तेलच घेऊन जातं. पिस्टनच्या रिंगांभोवतीची फट ते बुजवतं. त्यात मिसळलेली कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची संयुगं जळणातून तयार होणारी आम्लं मारतात. जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग, जिथे पापुद्रा तुटतो तिथे, धातूवर स्वतःचा थर चढवतं. ही मिश्रणं कामाला येतात तशी खर्चही होतात. डबा उघडल्या दिवशी तेलात जी ताकद असते ती वर्षाने उरत नाही, गाडी कमी चालली असली तरी. उलट रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचं तेल लवकर बिघडतं, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि आत साचलेलं पाणी व इंधन उडून जात नाही.

(दृश्य: तेलाच्या डब्याची मागची बाजू. लेबलवर बोट फिरतंय.)

डब्यावरचा हा आकडा, ५डब्ल्यू-३०. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यातही पटकन वाहतं आणि इंजिन सुरू होताच वरपर्यंत पोहोचतं. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातला, १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतं ते सांगणारा. तेलाच्या दाटपणाची अशी वर्गवारी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये पहिल्यांदा केली. त्याच्या शेजारी दुसरी खूण असते ती दर्जाची. एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेच्या यादीत पेट्रोल इंजिनांची अक्षरं ‘एस’ने सुरू होतात आणि डिझेलची बहुतेक ‘सी’ने. २०२० मध्ये आलेला ‘एसपी’ हा दर्जा टर्बो लावलेल्या लहान पेट्रोल इंजिनांचा त्रास डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला आहे.

आपल्या गाडीला यातलं काय चालतं हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. तेच घ्यायचं. ‘जाड तेल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण’ हा सल्ला मनावर घेऊ नका. आजच्या इंजिनांच्या फटी पातळ तेलाचा हिशेब करून ठेवलेल्या असतात.

(दृश्य: गाडी स्टँडवर. चाकांना लाकडी अडण्या.)

गाडी उचलायची ती सपाट, टणक जमिनीवर. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या. जॅकने उचलायचं, मॅन्युअलने दाखवलेल्या जागी स्टँड लावायचे आणि गाडीचं वजन स्टँडवर सोडायचं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

इंजिन त्याआधी चार-पाच मिनिटं चालवून घेतलंय. कोमट तेल पातळ होतं, तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन बाहेर पडतं. लांबच्या प्रवासावरून नुकत्याच आलेल्या गाडीला मात्र थांबू द्यायचं, तेव्हाचं तेल हात भाजवतं. वरचं तेल भरायचं झाकण आधीच सैल केलंय. आत हवा गेली की खालची धार अडखळत नाही.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात. रिंग पाना ड्रेन प्लगवर, म्हणजे चेंबरच्या तळाशी तेल काढायला असलेल्या बोल्टवर, बसतो.)

हे हात जिचे आहेत, गाडी तिचीच आहे आणि तेलही तीच बदलणार आहे.

पाना प्लगवर पूर्ण बसलेला असला पाहिजे, अर्धवट पकडला तर डोक्याचे कोपरे झिजतात. एका हिसक्यात प्लग सैल होतो. मग बोटांनी फिरवायचा आणि फिरवताना आतल्या बाजूला थोडा दाबून धरायचा. आटे संपल्याचं बोटांना कळतं. त्या क्षणी हात झटकन बाजूला.

(दृश्य: पुन्हा धार, या वेळी बाजूने. धार जाड, मग बारीक, मग थेंब.)

ट्रे सुरुवातीला जरा पुढे ठेवलेला असतो, कारण पहिली धार जोरात आणि तिरकी येते. चेंबर रिकामा होत जातो तशी ती मागे सरकते. लहान गाडीत तीन-चार लिटर तेल असतं. घाई करू नका. थेंबही संपू द्या.

आणि आता या ट्रेकडे बघायचं. तेल काळं आहे. काळं होणं हा दोष नव्हे. काजळी इंजिनाला चिकटू न देता अंगात धरून ठेवणं हेच त्याचं काम. डिझेल इंजिनात तर नवं तेलही थोड्याच अंतरात काळं होतं. बघायचं असतं ते दुसरंच. तेल दुधाळ किंवा फिक्या चहाच्या रंगाचं दिसलं, तर त्यात पाणी आहे. झाकणाखालची थोडीशी साय नुसत्या दमटपणाची असू शकते, पण ट्रेभर दुधाळ तेल म्हणजे बहुधा कूलंट आत शिरतोय. पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर इंधन तेलात उतरतंय. टॉर्चच्या उजेडात तेल हलवल्यावर सोन्याचांदीची चमक तरंगताना दिसली, तर एखादं बेअरिंग झिजतंय. यातलं काहीही दिसलं की मेकॅनिककडे जायचं आणि त्याला हेच तेल दाखवायचं. त्याचा निम्मा शोध तिथेच संपतो.

(दृश्य: ड्रेन प्लग अगदी जवळून. चुंबकी टोकावर करडा लेप.)

या प्लगच्या टोकाला चुंबक आहे. सगळ्या गाड्यांत नसतो. त्यावर हा करड्या रंगाचा लेप दिसतो, बोटावर घेतला तर ग्रीससारखा लागतो. एवढी झीज प्रत्येक निरोगी इंजिनात होते. बोटांना टोचणारा कण, कपची किंवा तार सापडली, तर गोष्ट वेगळी. हिने लेप पुसून टाकण्याआधी तो चिंधीवर पसरून उजेडात धरलाय. तेवढी दहा सेकंदं आम्ही संकलनात मुद्दाम कापली नाहीत.

प्लगखालचा वॉशर नवा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वॉशर एकदा दाबला की सपाट होतो, दुसऱ्यांदा तो नीट बसेलच असं नाही. प्लग आधी हाताने लावायचा, आटे सरळ धरले की मगच पाना. किती आवळायचा ते मॅन्युअलमध्ये न्यूटन मीटरमध्ये दिलेलं असतं आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना, असेल तर तो इथे वापरायचा. जोर काढून आवळला तर चेंबरचे आटे जातात, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये ते फार लवकर जातात.

(दृश्य: फिल्टर सुटतो. हातांवरून तेलाचा ओघळ.)

आता फिल्टर. हाताने सुटला तर उत्तम, नाहीतर पट्ट्याचा पाना. तो सुटताना आणखी थोडं तेल सांडतं, म्हणून ट्रे खाली सरकवलाय. फिल्टर निघाला की पहिलं काम, त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का ते बघणं. कधी कधी ती इंजिनाला चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला तर इंजिन सुरू झाल्याबरोबर दाबाने तेल बाहेर उडतं.

(दृश्य: टेबलावर जुना फिल्टर. कटर गोल फिरतो, पत्र्याचा डबा उघडतो.)

या दृश्यासाठी ही चित्रफीत करावी असं आम्हाला पहिल्यापासून वाटत होतं.

सुरुवातीच्या मोटारींना फिल्टर नव्हताच. फार तर एक जाळी असे, आणि तेल अगदी थोड्या अंतरावर बदलावं लागे. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीच्या इंजिनासाठी ऑइल फिल्टर तयार केला. त्या काळच्या फिल्टरमधून तेलाचा थोडाच भाग जायचा. आज पंपातून निघालेलं तेल बेअरिंगांकडे जाण्याआधी या डब्यातून जातं.

तळाच्या पत्र्यावर कडेने ही बारीक भोकं आहेत ना, तिथून तेल आत शिरतं. बाहेरून आत, घड्यांच्या कागदातून गाळलं जातं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून इंजिनात परत जातं. ही लवचीक रबरी चकती इंजिन बंद असताना तेल मागे ओघळू देत नाही, म्हणून सकाळी गाडी सुरू करताना फिल्टर भरलेला असतो. आणि हा स्प्रिंगवरचा व्हॉल्व्ह. कागद तुंबला किंवा तेल गारठून घट्ट झालं की तो उघडतो आणि न गाळलेलं तेल तसंच पुढे सोडतो. घाण तेल चालेल, पण बेअरिंग कोरडं पडता कामा नये, असा त्यामागचा विचार. फिल्टर वेळेवर बदलला नाही की इंजिन याच व्हॉल्व्हच्या भरवशावर चालत राहतं आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागत नाही.

(दृश्य: घड्यांचा कागद टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत उलगडत जातो.)

मुठीत मावणाऱ्या डब्यात एवढा कागद होता. घड्यांच्या खाचांमध्ये काळा गाळ बसलाय, मध्ये मध्ये कार्बनचे कण. कागद पिळून, उन्हात धरून बघितला की धातू असेल तर चमकतो. इथे चमक दिसली नाही. तिचा चेहरा तुम्हाला दिसतोच आहे.

काही गाड्यांत पत्र्याचा डबा नसतो, झाकण उघडून फक्त कागदी काडतूस बदलायचं असतं. त्याच्यासोबत आलेली नवी ओ-रिंग, म्हणजे झाकणाची गोल रबरी रिंग, त्याच वेळी बदलायची.

(दृश्य: नव्या फिल्टरच्या रिंगवर बोटाने तेल. मग नरसाळ्यातून सोनेरी धार.)

नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ताज्या तेलाचं बोट. बसण्याची जागा चिंधीने पुसून फिल्टर हाताने चढवायचा. रिंग टेकली की साधारण पाऊण फेरा आणखी, डब्यावर लिहिलं असेल तसं. पाना इथे लागत नाही.

गाडी खाली, सपाट जमिनीवर. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा थोडं कमी तेल आधी ओतायचं. झाकण लावून इंजिन सुरू. तेलाचा लाल दिवा काही सेकंदं दिसतो आणि जातो, तेवढ्यात नवा फिल्टर भरतो. या वेळात ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. दिवा गेला नाही तर लगेच इंजिन बंद. गेला, तर मिनिटभर चालू देऊन प्लग आणि फिल्टरभोवती टॉर्च फिरवायचा.

मग बंद करून काही मिनिटं थांबायचं आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढून, पुसून, पुन्हा घालून बघायचं. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. खुणेच्या वर नको. जादा तेलाला क्रँकशाफ्ट घुसळतो, फेस होतो आणि फेसाचा तो पापुद्रा बनत नाही.

काढलेलं तेल आणि जुना फिल्टर बंद डब्यात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यायचे, गटारात किंवा मातीत नाही. त्यात जड धातू असतात, आणि हेच तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येतं.

(दृश्य: वहीचं पान. पेन चालतंय.)

तारीख, किलोमीटर, तेलाचा दर्जा, फिल्टरचा नंबर. आणि खाली तिने आणखी एक ओळ लिहिलीय, ‘प्लगवर बारीक लेप, कण नाहीत’. पुढच्या वेळी प्लग उघडल्यावर तुलना करायला ही ओळ लागणार आहे.