टाळ्या दिल्या, मुलगी नाही दिली

हा बडोद्याचा दांडिया बाजार. इथल्याच एका घरातल्या आजींची ही गोष्ट आहे, नाव घ्यायचं नाही या अटीवर त्या बोलायला तयार झाल्या.

बडोद्याला नाटकाचं वेड आधीपासूनचं. सयाजीराव महाराजांनी गंधर्व नाटक मंडळीला आश्रय दिला आणि गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग १९१९ साली इथंच झाला. बालगंधर्व सिंधू झाले होते, पण गडकरी ते बघायला राहिले नव्हते, जेमतेम महिन्याभरापूर्वी ते गेले होते. आजींचे आजोबा त्या प्रयोगाला हजर होते, आणि घरी कुणी पाहुणा आला की त्याला ते सगळं ऐकावंच लागायचं!

सत्तरच्या दशकात मुंबईची एक कंपनी गुजरातच्या दौऱ्यावर आली, नाटक तेच, आणि भगीरथाचं काम करणारा मुलगा पंचविशीतला. प्रयोग संपल्यावर सगळी मंडळी आजींच्या घरी जेवायला, कारण वडील नाटकांच्या कमिटीत, रात्रीचा दीड वाजलेला, आजी पिठलं वाढतायत आणि याच्या कानामागे मेकअप तसाच राहिलेला. तो पुसायला पदर पुढे करावासा वाटला, असं आजी आज आमच्यासमोर सरळ सांगतात.

मग इनलँड लेटरं सुरू झाली. त्याची यायची इंदूरहून, ग्वाल्हेरहून, नागपूरहून, पण हिने उत्तर पाठवायचं कुठे, पत्र पोचेपर्यंत कंपनी पुढच्या गावाला! म्हणून तो दौऱ्याच्या तारखा आधीच लिहून पाठवायचा आणि आजी हिशेब करून पुढच्या गावच्या थेटरच्या पत्त्यावर, मॅनेजरच्या नावाने पत्र टाकायच्या. काही पोचली, काही नाही.

वडिलांना कळलं. हेच वडील पहिल्या रांगेत बसून वन्स मोअर ओरडणारे, पण जावई म्हणून नट नको म्हणजे नकोच. मला याचा अजून राग येतो. ज्या गावाने नटांना डोक्यावर घेतलं, त्या गावात त्याच नटाला घरात जागा नाही, आणि हे फक्त एका घरात झालं असेल असं मला वाटत नाही.

तो म्हणाला, कंपनी सोडतो, बडोद्यात नोकरी बघतो. नाही म्हटलं ते आजींनीच. "नाटक सोडलेला माणूस मला नको होता रे. वर्षभरात माझ्यावरच चिडला असता."

पुढे आजींचं लग्न रेल्वेतल्या माणसाशी झालं, संसार चांगला झाला, हे त्या दोनदा सांगतात. तो येत राहिला, आधी नायक, मग काका-मामाची कामं, आणि गांधी नगरगृहात आजी दर वेळी हजर. एकदा मुलीला घेऊन मेकअप रूममध्ये भेटूनही आल्या, त्याने मुलीला कितवीत आहेस विचारलं, एवढंच.

आजोबांना, म्हणजे आजींच्या नवऱ्याला, माहीत होतं का हे?

"माहीत होतं म्हणजे? तिकिटं तेच काढून आणायचे."