रुहांदे टेकडीवरचे विद्यापीठ

मित्रहो, सुरुवातीलाच एक सूचनाफलक डोळ्यांसमोर आणा. १९७३ सालचा फेब्रुवारी महिना आहे, रवांडाच्या दक्षिण भागातले बुतारे हे शहर आहे आणि तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात, परीक्षेचा निकाल लागावा तशा, काही याद्या लागल्या आहेत. त्यांत तुत्सी या अल्पसंख्याक समाजातल्या विद्यार्थ्यांची नावे होती आणि नाव असलेल्याने विद्यापीठ सोडून जावे, एवढाच त्यांचा अर्थ होता. याद्या लावण्यात बहुसंख्याक हुतू समाजातले त्यांचे सहाध्यायीच पुढे होते. १९९४ च्या तुत्सी संहारानंतर हे विद्यापीठ पुन्हा कसे उभे राहिले हे सांगताना मी इतका मागे जातो, कारण त्याची मोडतोड १९९४ मध्ये सुरू झाली असे मानले, तर पुढचे बरेच काही उमगत नाही.

स्थापना १९६३ सालची. सरकार आणि कॅनडाहून आलेले, डॉमिनिकन या कॅथलिक संघाचे धर्मगुरू यांनी मिळून ते काढले, तेव्हा ५१ विद्यार्थी आणि १६ अध्यापक होते. रुहांदे टेकडीवर निलगिरीच्या झाडीला लागून असलेल्या या संस्थेतून नव्या देशाला डॉक्टर, शिक्षक आणि अधिकारी मिळायचे होते, आणि ते मिळालेही.

१९९४ च्या एप्रिलमध्ये देशभर तुत्सींची कत्तल सुरू झाली, तेव्हा बुतारे सुमारे दोन आठवडे बरेचसे शांत होते, कारण तिथल्या तुत्सी प्रीफेक्टने, म्हणजे प्रांताच्या प्रमुख अधिकाऱ्याने, ती थोपवून धरली होती. त्याला पदावरून काढण्यात आले, १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्षाने शहरात येऊन चिथावणीचे भाषण केले आणि त्यानंतर विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या खाटांवरचे रुग्णदेखील वाचले नाहीत. विद्यार्थी मारले गेले, अध्यापक मारले गेले. आणि मारणाऱ्यांच्या बाजूलाही अध्यापक होते. द्वेष पसरवणाऱ्या आरटीएलएम या नभोवाणी केंद्राच्या संस्थापकांपैकी फर्डिनांड नाहिमाना हे याच विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना दोषी ठरवले. शिक्षणाने माणूस आपोआप शहाणा होतो, हा आपल्यासारख्या मास्तर मंडळींचा आवडता समज इथे पार उघडा पडतो.

एप्रिल १९९५ मध्ये विद्यापीठ पुन्हा उघडले. भिंती, खिडक्या, प्रयोगशाळा यांचे काम पैसे मिळाले की होते, म्हणून त्यावर मी थांबत नाही. खरी अडचण माणसांची आणि भाषेची होती. जे अध्यापक उरले होते ते फ्रेंचमधून शिकवणारे होते, तर युगांडासारख्या देशांत निर्वासित म्हणून वाढलेली आणि आता परतलेली मुले इंग्रजीत शिकलेली होती. त्यावर उपाय निघाला तो असा की, नव्या विद्यार्थ्याने आधी वर्षभर दुसरी भाषा शिकायची आणि मग प्राध्यापक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेतले व्याख्यान ऐकायचे. ही तडजोड महागडी आणि दमवणारी होती, तरी मला ती शहाणपणाची वाटते. २००८ मध्ये सरकारने शिक्षणाचे माध्यम इंग्रजी करण्याचे ठरवले, तेव्हा फ्रेंचमध्ये हयात घालवलेल्या अध्यापकांवर काय ओढवले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. इतिहासाचा प्रश्न तर त्याहून अवघड होता. हुतू आणि तुत्सी यांचा भूतकाळ नेमका कोणत्या शब्दांत सांगायचा यावर एकमत होईना, म्हणून शाळांमधून रवांडाचा इतिहास शिकवणेच कित्येक वर्षे थांबवण्यात आले होते.

विस्तारही झाला. राजधानी किगालीत १९९७ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान संस्था सुरू झाली, तीही जुन्या लष्करी प्रबोधिनीच्या आवारात. बुतारेत पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले आणि २००५ पासून विद्यापीठाचे स्वतःचे रेडिओ सालुस हे केंद्र बोलू लागले. ज्या देशात नभोवाणीने माणसे मारायला लावली, तिथे मुलांच्या हाती मायक्रोफोन देताना कोणाचा तरी हात नक्कीच थरथरला असेल. २०१३ मध्ये ही आणि इतर सरकारी उच्चशिक्षण संस्था एकत्र करून रवांडा विद्यापीठ झाले आणि 'राष्ट्रीय विद्यापीठ' हे जुने नाव संपले.

या सगळ्या काळातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र कोणत्याही आराखड्यात नव्हती. ऑक्टोबर १९९६ मध्ये संहारातून वाचलेल्या बारा विद्यार्थ्यांनी बुतारेच्या याच आवारात एक संघटना काढली. सुट्टी लागली की वसतिगृह रिकामे होते, पण घरच उरले नसेल तर जायचे कुठे? म्हणून त्यांनी आपापसांत कुटुंबे बांधली. प्रत्येक कुटुंबात एक विद्यार्थी 'बाबा' आणि एक विद्यार्थिनी 'आई' म्हणून निवडली जाई. वय काय, तर विशीचे. कोण वर्गाला येत नाही, कोणाची फी थकली आहे, कोण रात्री झोपत नाही, हे या आईबाबांनी पाहायचे. पदवी घेऊन ते बाहेर पडले की धाकट्या भावंडांतून नवे आईबाबा निवडायचे. बाहेर पडलेल्यांनी पुढे २००३ मध्ये पदवीधरांची वेगळी संघटना काढली, तरी अनेकांचे आवारात जुळलेले नाते तसेच राहिले.