रेंजर: लाल गोटी कुणाच्या पायाशी?

फासे अजून डबीतच आहेत, पेन्सिल मात्र चालू झाली आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फाशांवर चालणारा, पात्रं रंगवायचा टेबलावरचा खेळ; पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. कोऱ्या शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, उतरतोय एक रेंजर, रानातला शिकारी योद्धा; वंश वुड एल्फ.

क्षमतांच्या आकड्यांपैकी 15 जातात डेक्स्टेरिटीला, म्हणजे चपळाईला. वुड एल्फचे 2 मिळवून 17. 14 कॉन्स्टिट्यूशनला, म्हणजे तब्येतीच्या दणकटपणाला. विज्डमला, म्हणजे समजेला 13, त्यात वुड एल्फचा 1 मिळवून 14. स्ट्रेंग्थला 8 उरले तरी बिघडत नाही, धनुष्याचा नेम डेक्स्टेरिटीवर चालतो. अनेकजण कॉन्स्टिट्यूशनमध्ये काटकसर करतात आणि रेंजर तिथेच लंगडा होतो.

दुसऱ्या लेव्हलला आर्चरी ही लढण्याची शैली घ्यायची. नेमाच्या वीस बाजूंच्या फाशावर आधीचे 5 मिळायचेच, त्यात 2 ची भर, एकूण 7.

आता ही लाल काचेची गोटी बघा. ऑगर या धिप्पाड राक्षसाच्या पायाशी ठेवली, म्हणजे त्याच्यावर हंटर्स मार्क हा स्पेल (मंत्र) लागला. त्याला लागणाऱ्या प्रत्येक बाणामागे सहा बाजूंचा एक जादा फासा. ऑगरचे हिट पॉइंट, म्हणजे पडेपर्यंत सोसायची इजा, 59, तिथे मार्क वसूल होतो. 7 हिट पॉइंटच्या गॉब्लिनवर तो लावणं म्हणजे स्पेल वाया घालवणं. मार्क लावायला पाळीत एकच मिळणारी बोनस अॅक्शन जाते, दुसऱ्या शत्रूवर हलवायलाही जाते. दुसऱ्या हातातल्या तलवारीचा वारही बोनस अॅक्शनच मागतो. म्हणून इथे दोन तलवारी नाहीत, लाँगबो (लांब धनुष्य) आहे. 150 फुटांपर्यंत नेम बिनधास्त. शत्रू 5 फुटांवर आला की मात्र दोन फासे टाकून कमीचा धरावा लागतो.

आणि ऑगर आलाच. सोटा बसला. मार्क कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे रेंजरच्या एकाग्रतेवर टिकतो; मार बसला की फाशावर 14 कॉन्स्टिट्यूशनचे 2 धरून 10 व्हायला हवेत. 8 पडला. गोटी जागेवर राहिली. कॉन्स्टिट्यूशन 10 असतं, म्हणजे फाशात काहीच मिळालं नसतं, तर याच 8 वर ती उचलावी लागली असती. स्पाइक ग्रोथ, म्हणजे जमिनीवर काटे उगवणारा स्पेल, टाकलात तरी ती उचलावी लागते. दोन्ही कॉन्सन्ट्रेशनचे स्पेल, एका वेळी एकच.

चौथ्या लेव्हलला शार्पशूटर हे खास कौशल्य: नेमातून 5 वजा, इजेत 10 जमा. ऑगरचा आर्मर क्लास, म्हणजे बाण लागायला गाठायचा आकडा, 11, तिथे मार्क धरून एका बाणाची सरासरी इजा साधारण साडेनऊवरून साडेबारावर जाते. हॉबगॉब्लिन या चिलखती शत्रूचा 18. तिथे ती साडेपाचवरून सव्वापाचवर घसरते. समोर कोण उभा आहे ते बघून ठरवायचं, सवयीने नाही.

पाचव्या लेव्हलला एका फेरीत दोन बाण.

ऑगर पडला.

एक मिनिट शोधलं की सोडलेल्या बाणांपैकी निम्मे परत मिळतात. आठ सुटले होते, चार हाती लागले. शीटवर 12 खोडून 16.